सुतावरून डेट्रॉईट

मी कॉमर्सचा माणूस. इतिहासाचे आणि माझे संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपले, आणि ते दोन्ही बाजूंच्या संमतीने संपले. पुढे बँकेत चिकटलो. तिथे इतिहास म्हणजे काल न जुळलेली कॅश, आणि भविष्य म्हणजे ती जुळेपर्यंत घरी न जाता येणं. अशा माणसाने अमेरिकन मोटारींचा इतिहास लिहायला घ्यावा हे जरा अतिच झालं. पण वाचकहो, दोष माझा नाही. दोष माझ्या चुलतभावाचा, म्हणजे विन्याचा. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा. आणि डेट्रॉईटमध्ये रात्री तीन वाजता मला न येणाऱ्या झोपेचा.

झालं असं, की 2023 च्या जुलैत आबांनी मुलाकडे जायचं ठरवलं. वय सत्त्याहत्तर. इंग्रजी 'येस', 'नो' आणि 'थँक्यू' यांवर थांबलेलं. एवढ्या लांब एकटं कसं पाठवायचं? तेव्हा विन्याने दोन तिकिटं पाठवली. पार्सलावर 'सांभाळून उचला' अशी चिठ्ठी डकवतात, तसं मला आबांना डकवून आमची रवानगी झाली. दीड महिन्याच्या रजेचा प्रश्न नव्हता. बँकेतल्या कारकुनाला पैसे साठवता येत नाहीत, म्हणून तो रजा साठवतो.

आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. चाळीस वर्षं एका शेडमध्ये लेथपुढे उभे. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नसेल त्यांना सांगतो, तिथे कुठल्याही मशिनचा मोडका पार्ट घेऊन गेलं, की संध्याकाळपर्यंत त्याचा जुळा भाऊ जन्माला येतो. कंपनीकडून नवा येईपर्यंत वाट बघण्याची त्या भागात पद्धत नाही. त्याच शेडमध्ये आबांच्या उजव्या तर्जनीचं एक पेर गेलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपल्या पोराच्या हाताला काळं लागू द्यायचं नाही.

विन्या आठवीत असताना चोरून शेडवर गेला आणि लेथला लाकूड लावून भोवरा करू लागला. आबांनी त्याला जन्मात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. मी प्रत्यक्ष साक्षीदार. किंबहुना भोवरा माझ्यासाठीच चालला होता. हातात जोर शिल्लक होता म्हणून एक थप्पड मलाही मिळाली. भोवरा मात्र कुणालाच मिळाला नाही. पुढे विन्या इंजिनिअर झाला, तोही कॉम्प्युटरचा, ज्यात हाताला खडूसुद्धा लागत नाही. अमेरिकेला गेला. आबांनी गल्लीत पेढे वाटले.

आता डेट्रॉईट. विन्याचं घर उपनगरात आहे. आपल्याकडे गॅरेज म्हणजे गाडी दिली की मेकॅनिक गावाला जातो ती जागा. तिकडे प्रत्येकाच्या घरातच गॅरेज. आम्ही पोचलो तेव्हा विन्याच्या चालणाऱ्या दोन्ही गाड्या बाहेर उन्हापावसात उभ्या होत्या, आणि न चालणारी एक आत छपराखाली मानाने बसली होती. बसली होती म्हणजे अक्षरशः. चारी चाकं काढलेली, इंजिन बाजूला, दारं भिंतीला टेकवलेली. जमिनीचा पत्रा इतका गंजलेला, की ड्रायव्हरच्या जागेवर बसून पाय खाली सोडले तर गाडी चालवता आली नसती, पण गाडीत चालता आलं असतं. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात लोणचं मुरावं तशी ही गाडी अनेक हिवाळे मुरली होती.

"1965 ची पॉन्टिअ‍ॅक ले मान्स!" विन्या म्हणाला. नव्या जावयाची ओळख करून द्यावी असा आवाज.

आबांनी गाडीकडे पाहिलं. मग विन्याच्या हाताकडे पाहिलं. नखांत ग्रीस होतं.

"एवढं शिकून शेवटी पत्राच ठोकायला लागलास व्हय?" एवढंच म्हणून ते आत गेले आणि पुढचे चार आठवडे गॅरेजच्या उंबऱ्याला त्यांनी पाय लावला नाही.

विन्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी पस्तीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं.

बरं, मला झोप येईना. घड्याळ अमेरिकेचं, पोट कोल्हापूरचं. सगळं घर घोरत असताना मी गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो. तिथे एका फळीवर विन्याची पुस्तकं आणि जुनी मासिकं होती. वाचायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून वाचली. इतिहासाचा अभ्यास याहून उदात्त कारणाने कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

तर ऐका. 1932 साली हेन्री फोर्डने एक उद्योग केला. आठ सिलिंडरांचं इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाडीत असायचं. फोर्डने आठही सिलिंडरांचा ठोकळा एकाच ओतकामात काढला आणि पाचेकशे डॉलरच्या गाडीत बसवला. पासष्ट हॉर्सपॉवर. पाचसात वर्षांत या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्तात विकायला निघाल्या, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. दिवस मंदीचे. खिशात पैसे नाहीत, पण रविवार मोकळा. त्यांनी गाडीचं वजन कमी करायला मडगार्ड काढले, काच काढली, बॉनेट काढलं. आपल्याकडे चोर काढतात ते सगळं त्यांनी स्वतःच काढून ठेवलं.

मग पळवायची कुठे? तिथल्या वाळवंटात कोरडी तळी आहेत. पावसाळ्यात थोडं पाणी साचतं, आटतं, आणि मैलोन्‌मैल जमीन परातीसारखी सपाट होते. म्युरॉक हे त्यातलं मोठं तळं. पोरं शनिवारी रात्री तिकडे जायची आणि पहाटे गाड्या पळवायची. पुढे हे तळं विमानदळाने घेतलं. 1981 साली कोलंबिया हे अवकाशयान पहिल्या फेरीनंतर पृथ्वीवर उतरलं ते याच मैदानावर. म्हणजे ज्या जागेवर भंगारातल्या फोर्डी धावल्या, तिथे अवकाशयान टेकलं. 1937 साली या पोरांच्या क्लबांनी मिळून एक संघटना काढली, रीतसर घड्याळं लावली, वेगाची नोंद सुरू केली. नोंद हा शब्द दिसताच मी खुर्चीत सरसावून बसलो. नोंदवही असली की कारकुनाला इतिहास समजतो.

आता मुख्य गोष्ट. या गाड्या अधिक पळवायला जे पार्ट लागायचे ते दुकानात नव्हतेच. कारण ते अस्तित्वातच नव्हते. मग काय करायचं? घरी करायचे.

व्हिक एडलब्रॉक नावाचा कॅन्ससहून आलेला एक मेकॅनिक होता. 1938 साली त्याने 1932 ची फोर्ड घेतली. तिच्या इंजिनाची अडचण मी बँकेच्या भाषेत सांगतो: सिलिंडर आठ आणि कार्बोरेटर एक. म्हणजे गिऱ्हाइकं आठ आणि काउंटर एक. रांग लागणारच. एडलब्रॉकने स्वतःच एक नवा मॅनिफोल्ड, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारी नळ्यांची वाट, तयार केला आणि त्यावर दोन कार्बोरेटर बसवले. दुसरं काउंटर उघडलं! रांग हलली, गाडी सुटली. इतर पोरं म्हणाली, आम्हालाही एक करून दे. 'स्लिंगशॉट', म्हणजे गलोल, हे त्या मॅनिफोल्डचं नाव. त्या गलोलीतून एक आख्खी कंपनी उडाली. आमच्या बँकेत दुसरं काउंटर उघडावं म्हणून लोक गेली सहा वर्षं अर्ज करतायत, तो भाग वेगळा.

दुसरा एड इस्केंडेरियन. 1921 चा जन्म, आर्मेनियन कुटुंबातला. त्याला आपल्या गाडीसाठी खास कॅमशाफ्ट हवा होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनात मिश्रण कधी आत घ्यायचं आणि धूर कधी बाहेर सोडायचा हे ठरवणारा, अंगावर उंचवटे असलेला दांडा. दारावरचा वॉचमनच म्हणा. युद्ध नुकतंच संपलेलं, घासून देणाऱ्याकडे महिनोन्‌महिने वेटिंग. दुसरा कोणी चिडून तक्रारवही मागितली असती. याने एक जुनं ग्राइंडिंग मशिन मिळवलं, त्यात स्वतःच फेरफार केले आणि कॅमशाफ्ट घासू लागला. पुढे त्याचीही मोठी कंपनी झाली आणि 2021 मध्ये त्याने वयाची शंभरी गाठली. एक तक्रार न केल्याने माणसाचं आयुष्य किती वाढतं पाहा.

तिसरा बिल बर्क. युद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा पेट्रोलच्या टाक्या लटकवत. आकार माशासारखा, हवा कापत जाणारा. युद्ध संपल्यावर त्या भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. 1946 साली या गृहस्थाने तसली एक टाकी आणली, तिला चाकं लावली, आत इंजिन आणि स्वतःला कोंबलं, आणि तळ्यावर पळवली. आपण टाकीत पेट्रोल घालतो, हा टाकीतच बसला. त्याचं बघून इतरांनी तसल्या गाड्या केल्या, आणि आजही त्या तिकडच्या तळ्यांवर पळतात.

1948 च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसनने या वेडावर 'हॉट रॉड' नावाचं मासिक काढलं. किंमत पंचवीस सेंट. त्याचा संपादक वॉली पार्क्स याने 1951 साली, पोरं गावातल्या रस्त्यांवर शर्यती लावून मरू नयेत म्हणून, पाव मैलाच्या सरळ शर्यतींची राष्ट्रीय संघटना उभी केली. गॅरेजमधलं खूळ आता छापून येऊ लागलं, आणि छापून आलं की मोठ्या कंपन्यांचे डोळे उघडतात. लहान गाडीत मोठं इंजिन घातलं तर पोरं घेतात, हे डेट्रॉईटच्या साहेबलोकांना हळूहळू उमगलं.

आणि इथे माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत रोमहर्षक प्रकरण येतं. शर्यतीचं नव्हे, परिपत्रकाचं.

1963 च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी हुकूम काढला: आपल्या कुठल्याही शाखेने शर्यतींशी संबंध ठेवायचा नाही. पॉन्टिअ‍ॅक ही त्यांचीच शाखा, आणि तिचा सगळा धंदा शर्यतीतल्या नावावर. त्यातून दुसरा नियम असा, की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅककडे 389 घन इंचांचं इंजिन पडून होतं. म्हणजे 6.4 लिटर. माझी स्कूटर 110 सीसीची; हिशोब केला तर जवळजवळ 58 स्कूटर एका बॉनेटखाली. आणि गंमत म्हणजे ते मोठं इंजिन बाहेरून लहान इंजिनाएवढंच. त्याच जागी, त्याच बोल्टांवर बसणारं.

जॉन डिलोरिअन हा मुख्य इंजिनिअर. बिल कॉलिन्स आणि रस जी हे त्याचे सहकारी. त्यांनी परिपत्रक नीट वाचलं. वाचकहो, परिपत्रक सगळेच वाचतात, पण त्यात काय लिहिलेलं नाही ते वाचणारा लाखात एक. नियम गाडीच्या मॉडेलला होता. गिऱ्हाइकाने जादा पैसे भरून मागितलेल्या 'ऑप्शन'ला वरिष्ठांची मंजुरी लागत नव्हती! झालं. 1964 च्या ले मान्स गाडीवर 295 डॉलरचा एक ऑप्शन जाहीर झाला: जी.टी.ओ. हे नावसुद्धा फेरारीच्या एका गाडीवरून उचललेलं. कर्जाची मर्यादा ओलांडायची नाही, म्हणून एकाच माणसाला 'इतर सोयी' या सदरात रक्कम देणारे मॅनेजर मी पाहिलेत. पण त्यांची चौकशी झाली. इथे विक्रीखात्याच्या साहेबाने भीत भीत पाच हजारांना परवानगी दिली आणि पहिल्या वर्षी 32,450 गाड्या खपल्या. एवढा आकडा आला की चौकशी होत नाही, सत्कार होतो.

यालाच 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे बेटकुळी. आम्ही कोल्हापूरकर सरळ पैलवान गाडी म्हणू: मध्यम वजनगटाचं शरीर आणि छाती हिंदकेसरीची. मग प्रत्येक कंपनीने आपापला पैलवान आखाड्यात उतरवला. एका कंपनीने तर कार्टूनमधल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव गाडीला देण्यासाठी पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही त्याच्यासारखा 'बीप बीप' केला. डेट्रॉईटला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नावाचा लांबलचक सरळ रस्ता आहे. तिथे रात्री या पैलवानांच्या कुस्त्या लागत, आणि कंपन्यांचे इंजिनिअरही हळूच आपली गाडी घेऊन जात.

मग या पैलवानांना चीत कोणी केलं? सांगायला जरा संकोच वाटतो. कारकुनांनी. विमा कंपन्यांत बसलेल्या कुणीतरी अपघातांची बेरीज केली आणि तरुण पोरांचा हप्ता इतका वाढवला, की तो भरावा की गाडीचा हप्ता भरावा हा प्रश्न पडला. 1970 साली हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा आला. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. 1974 नंतर मूळची जी.टी.ओ. बंद. आणि 2010 मध्ये खुद्द पॉन्टिअ‍ॅक कंपनीच मिटली. धूर आणि अपघात बघता जे झालं ते रास्त झालं असं माझं मत; पण पहाटे चार वाजता त्या गंजक्या ले मान्सकडे बघत बसलो असताना ते मी मोठ्याने बोललो नाही.

खातं कसं जुळलं बघा. आधी पार्ट मिळत नव्हता, म्हणून पोरांनी घरी केला. त्यातून कंपन्या झाल्या. मोठ्या कंपन्यांनी तोच उद्योग उचलला. मग ती मोठी कंपनी गेली, आणि पार्ट पुन्हा घरी करायची वेळ आली. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक एकच: एक माणूस, एक पत्रा, एक हातोडी.

अर्थात आता या गाड्यांचे पुष्कळ पार्ट नव्याने बनून मिळतात. विन्याला मूळचा दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा हाताने टाकायचा बसवायचा होता. त्यासाठी चासीला आडवा टेका लागतो. तयार टेका विकत मिळतो, आणि वहिनींनी त्याची किंमत लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवली होती.

"भावजी, तुम्ही बँकेतले ना? सांगा ना यांना. आयता आणला तर स्वस्त पडतो."

मी बेरीज करून दाखवली. विन्याने आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. पण मग मी काय केलं?"

या प्रश्नाला कॉमर्समध्ये उत्तर नाही.

तो काम करायचा ते मी बघत बसायचो. दिवसभर कॉम्प्युटरवर चित्रं काढणारा माणूस शनिवारी कॉर्नफ्लेक्सचं खोकं फाडून पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. नमुना गाडीखाली धरायचा, कातरायचा, पुन्हा धरायचा. तो लोखंडावर ठेवून खुणा करायचा. जमिनीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यावर सलग वेल्डिंग ओढलं तर पापडासारखा वेडावाकडा होतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड व्हायला थांबायचं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू फुगवायचा. सुरुवातीला त्याच्या हातून जे झालं ते गिअरबॉक्सच्या झाकणापेक्षा पुरणपोळीच्या जवळ होतं. चौथं जमलं. भिंतीपलीकडे आबा टीव्हीपुढे बसून असत. टीव्ही बंद असे. हातोडी चुकीची पडली की तिकडून खोकल्याचा आवाज यायचा.

आडवा टेका काही जमेना. चौकोनी पाइप कापला, दोन टोकांना प्लेटा वेल्ड केल्या, गाडीखाली नेला, तर एका बाजूचे बोल्ट बसले आणि दुसऱ्या बाजूची भोकं तीन मिलिमीटर सरकलेली. नवा केला. पुन्हा तेच. विन्या त्या रात्री न जेवता झोपला. वहिनींनी फ्रिजवरचा कागद मुकाट्याने काढून टाकला, त्याचं विन्याला जास्त लागलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासूनचा रिवाज. लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या मांडून रस्त्याकडेला बसतात, आणि दिवसभर जुन्या गाड्या पालखीच्या वेगाने जात राहतात. आम्हीही खुर्च्या आणि दशम्या घेऊन गेलो. आबांना येणं भाग होतं. घरात एकटं कोण ठेवणार?

एका गल्लीत एक गोरा म्हातारा जुनी फोर्ड उभी करून, बॉनेट उघडून बसला होता. आबा तिथे जाऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी आपल्या अर्ध्या बोटाने इंजिनाशेजारच्या एका लहानशा ब्रॅकेटकडे खूण केली. म्हातारा हसला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: मी केला. आबांनी हवेत कानस चालवून दाखवली. म्हाताऱ्याने मान हलवली. दहा मिनिटं दोघं एकही शब्द न बोलता बोलत होते. निघताना म्हाताऱ्याने हात पुढे केला, त्यावरचं ग्रीस पाहून मागे घेतला आणि पँटला पुसू लागला. आबांनी तो पुसू न देताच हातात घेतला.

परतताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तो मागं काय करत होता? नोकरी कसली?"

विन्याने विचारलं होतं. "डॉक्टर होता, आबा. दातांचा."

आबा घरापर्यंत काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पहाटे गॅरेजमध्ये गेलो, तर दिवा लागलेला. आबा स्टुलावर बसून त्या फसलेल्या टेक्यावरून बोट फिरवत होते. मला म्हणाले, "त्याला उठव."

विन्या डोळे चोळत आला. आबांनी टेप मागितला, मोजलं. "एक सूत आत आलाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्या वर्कशॉपांतलं जुनं माप. विन्याचे तीन मिलिमीटर म्हणजे आबांचं एक सूत. अमेरिका अजून इंचातच मोजते हे कळल्यावर त्या देशाबद्दलचं आबांचं मत एकदम सुधारलं.

"मी म्हटलं भोक जरा मोठं करून घ्यावं," विन्या चाचरत म्हणाला.

"जॉब चुकला की भोक मोठं करायचं, ही ह्या बँकवाल्यांची पद्धत," आबा माझ्याकडे बघून म्हणाले. "एका बाजूनं सगळं वेल्डिंग ओढलंस. तापलं, आणि प्लेट आत खेचली. आधी प्लेटा गाडीलाच बोल्टानं आवळ. जागेवर टाके मार. मग खाली काढ. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. आणि घाई करायची न्हाई. लोखंडाला राग येतो."

दुपारपर्यंत टेका झाला. बोल्ट चारही बाजूंनी बोटाने फिरत आत गेले. गिअरबॉक्सच्या रबराखाली एक बुश कमी पडत होता. कोपऱ्यात विन्याने घेतलेला छोटा जुना लेथ होता. आबा त्यापुढे उभे राहिले. चाळीस वर्षांची सवय पायांनी आधी ओळखली. अर्ध्या बोटाचा हात चाकावर गेला, लोखंडाचा कीस सुटू लागला. मग ते थांबले, बाजूला झाले आणि विन्याला म्हणाले, "ये. राहिलेला तू काढ." आणि स्वतः त्याच्या मागे, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर उभे राहिले. विन्याचा हात थोडा थरथरत होता. बुश मात्र बरोबर आला.

जेवायला हाक आली. विन्या बेसिनपाशी साबण लावून लावून हात घासत होता.

"साबणानं जात न्हाई ते," आबा म्हणाले. "रॉकेल हाय का?"

अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात रॉकेल कुठलं! मग त्यांनी तेलाची बाटली आणि साखरेचा डबा घेतला, विन्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तेलसाखर चोळू लागले. एकेक बोट, एकेक नख. अठ्ठेचाळीस वर्षांचा तो बाप्या पहिलीतल्या पोरासारखा हात पुढे करून उभा. दोघांच्या हातांचं काळं एकमेकांत मिसळून बेसिनमध्ये चाललं होतं. वहिनी साखरेच्या डब्याकडे बघत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. मी खर्चाच्या वहीत साखर लिहायला पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

गाडी अजून पूर्ण व्हायची आहे, असं विन्या फोनवर सांगतो. दर फोनला आबा 'किती सूत राहिलं' विचारतात आणि दोघं तासभर बोलतात.

निघायच्या आदल्या दिवशी मीच आबांना म्हटलं, "आबा, पस्तीस वर्षांचं एक जुनं येणं आहे. माझा भोवरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाकूड आण."

भोवरा दोघांनी मिळून केला. आता तो बँकेत माझ्या काउंटरवर पेपरवेट म्हणून असतो. थकलेलं येणं इतक्या वर्षांनी मुद्दलासह वसूल झाल्याचं आमच्या शाखेतलं हे पहिलंच उदाहरण. व्याज मागितलं नाही. व्याजात थप्पड मिळण्याची शक्यता होती.